वास येतो ते त्यांच्या बाजूचे

४ ऑगस्ट

प्रिय ठके,

दोन वर्षांनी लिहितोय, तेव्हा आधी भांडून घेतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू वकिलासारखी मुद्दे मांडतेस आणि मी ओरडतो, आणि ओरडणारा माणूस खरा असला तरी खोटा वाटतो, असं तुझी वहिनी म्हणते. कागदावर आवाज चढवता येत नाही, एवढीच काय ती सोय.

परवा तुला टीव्हीवर पाहिलं. मंत्र्यांच्या डाव्या हाताला बसली होतीस. दहा वर्षांनी पेट्रोलवर चालणारी एकही नवी गाडी विकू द्यायची नाही, हे तू शाळेचं वेळापत्रक वाचावं तसं वाचून दाखवलंस. मिस्त्री आणि दोन-तीन टॅक्सीवाले तेव्हा पंपाच्या ऑफिसात चहा पीत उभे होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "बघताय काय? बहीण आहे माझी. पाढे मीच शिकवलेत तिला." हसले सगळे, पण चहा कुणी संपवला नाही. वहिनी तेवढं एकच म्हणाली, "वाळलीय हो पोरगी."

अगं, ज्या पंपाच्या मागच्या खोलीत तू रांगलीस, ज्या पंपाने तुला बोर्डिंगात ठेवलं, शिकवलं, साहेबीण केलं, त्याच्याच मुळावर उठलीस? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते उगाच नाही. मला राग आलाय आणि तो लपवणार नाही.

आता कामाचं. मसुद्यावर लोकांच्या हरकती ऐकायला तुमची समिती गावोगाव फिरणार असं कळलं. आमच्याकडची सुनावणी वीस सप्टेंबरला, नगरभवनात, आणि समितीच्या तिघांत तू एक. इकडच्या पंपवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष मी. म्हणजे तू वर व्यासपीठावर बसणार आणि मी खाली माइक धरून तुला "माननीय सदस्या" म्हणणार. घरचं भांडण सरकारी खर्चाने! बाबा असते तर दोघांच्याही कानाखाली वाजवली असती.

'हा पंप उभा आहे तोवर या घरात पाऊल टाकू नकोस' असं मी म्हणालो होतो. ते मागे घेतलेलं नाही. फक्त कळवतो की वहिनीने तुझी वरची खोली झाडून घेतली आहे आणि मी तिला अडवलेलं नाही.

तुझा,
दादा


१२ ऑगस्ट

ठके,

उत्तर मिळालं. टाइप केलेलं! निदान 'तीर्थरूप दादास' एवढं तरी हाताने लिहायचंस.

तू म्हणतेस, जुन्या गाड्या कुणी काढून नेणार नाही, फक्त नव्या विकायच्या नाहीत, तेव्हा पंपाला इतक्यात मरण नाही. अगं, पण ज्याच्या मरणाची तारीख चारचौघांत जाहीर झाली त्याला औषधपाणी कोण करतं? तुमची घोषणा झाल्यापासून बँकेचा साहेब रस्त्यात दिसला तर दुकानांच्या पाट्या वाचत जातो. मिस्त्रीच्या हाताखाली कुणी शिकायला येत नाही. आणि आपल्या टाकीचंच घे. बाबांनी अंगणात पुरलेली ती लोखंडी टाकी कधीच म्हातारी झाली. मी नवी, दुहेरी पत्र्याची बसवायची ठरवली होती, खोदाईवाला येऊन मापं घेऊन गेला होता. तेवढ्यात तुमचं जाहीर झालं. ज्या पंपाला तू गाडायला निघालीस त्याच्या पोटात नवी टाकी कोण गाडेल? ठेवून दिलं ते काम. तुझ्या मसुद्याचं हे पहिलं फळ, लिहून घे.

गाड्यांच्या धुराने बिघडणाऱ्या पोरांच्या छातीचं म्हणशील तर ते मी नाकारत नाही. आमच्या चौकातला वाहतुकीचा पोलीस दिवसभर खोकतो, मला दिसतं ते. पण बॅटरीची गाडी ज्याच्याकडे अंगण आहे तो अंगणात लावून भरेल. चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्याने काय खिडकीतून वायर सोडायची? आणि गाडीवर पोट असलेल्या टॅक्सीवाल्याने ती भरेपर्यंत काय करायचं, भजन? वीस तारखेला विचारणार आहे. तयारी करून ये.

राहिलं ते सातवं कलम. जो पंपवाला आपणहून बंद व्हायला नाव नोंदवेल, त्याच्या टाक्या सरकार स्वतः तपासून उकरून नेईल. तू लिहिलंस, 'दादा, हे कलम लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आपलंच अंगण होतं.' वहिनीने ती ओळ दोनदा वाचली आणि पदराने डोळे पुसले. मला त्यात गळाला लावलेलं आमिष दिसलं. एकाने नाव नोंदवलं की बाकीचे मेंढरांसारखे मागे जाणार. म्हणून परवाच्या बैठकीत मी सगळ्यांना हात वर करून शपथ घ्यायला लावली की कुणीही नोंदवणार नाही. पहिला हात माझाच होता.

जाता जाता एक गंमत. शेजारच्या शिंपी मास्तरला म्हणे त्याच्या तळघरात पेट्रोलचा वास येतो. पंपाशेजारी इतकी वर्षं दुकान थाटून बसलाय आणि वास आता यायला लागला!

दादा


२२ ऑगस्ट

ठके,

मास्तरचं एवढं मनावर घ्यायला काय झालं तुला? बाकी सगळे मुद्दे सोडून त्याच्या तळघराचंच विचारलंयस, म्हणून सांगतो.

मास्तरचं दुकान वर, शिलाईची यंत्रं खाली तळघरात. त्या तळघराची एक भिंत आपल्या अंगणाला लागून आहे. तो म्हणतो, सकाळी कुलूप काढून खाली उतरलं की डोकं जड होतं, खाली काम करणाऱ्या बायका मळमळतंय म्हणतात. मी स्वतः गेलो. खालच्या पायरीवर उभा राहून चांगला छाती भरून श्वास घेतला. कोऱ्या कापडाचा वास होता आणि यंत्राच्या तेलाचा. तिसरा कुठलाही नाही. अगं, आपल्या घराण्याचं नाक! बाबा टँकरचं झाकण उघडल्या उघडल्या सांगायचे, रॉकेल मिसळलंय, जा घेऊन परत. ड्रायव्हर पाया पडायचा. त्यांच्या मुलाला जे कळत नाही ते सुईदोरावाल्याला कळणार?

मग खरं कारण समजलं. मास्तरने बॅटरीवरची स्कूटर घेतलीय. म्हणजे झाला तो तुमच्या बाजूचा. हल्ली इकडे असंच चाललंय. दूधवाल्याला वास येतो, तो तुमचा. औषधवाल्याला येत नाही, तो आमचा. शाळेच्या बाईंना तर रस्त्यापलीकडून येतो, त्या तुमच्या मसुद्यासाठी सह्या गोळा करत फिरतात. आमचा मिस्त्री छाती ठोकून सांगतो, "दादा, मला कणभर येत नाही," आणि त्याला आठवडाभर सर्दी आहे. गल्लीत कुणी नाक वर केलं तर लोक आधी त्याची बाजू विचारतात.

टाकी मी रोज सकाळी स्वतः मोजतो, बाबांच्या पद्धतीने. रॉड सोडायचा, वर काढायचा, ओल कुठवर आली ते बघायचं. विक्रीच्या हिशेबाने असायला हवं त्यापेक्षा थोडं कमी भरतं. उन्हाने उडतं ते, सगळ्यांचंच उडतं. भिंतीकडचं गवत पिवळं पडलंय तेही उन्हानेच. तू विचारशील म्हणून आधीच सांगून टाकलं.

दादा


१ सप्टेंबर

ठके,

तुझी वहिनी पंधरवडाभर तिच्या बहिणीकडे होती, बाळंतपणाला. काल परत आली. रिक्षातून उतरली, पिशव्या हातातच, आणि फाटकात खिळल्यासारखी थांबली. म्हणाली, "अहो, काय सांडलंय? केवढा हा वास!"

नेमके त्याच वेळी संघटनेचे चौघे ऑफिसच्या दारात उभे. माझी काय दशा झाली असेल बघ. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "नणंदेने पढवून ठेवलं वाटतं? तूही तिकडचीच का?" ते चौघे हसले. ती हसली नाही. सरळ आत गेली, घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि शेगडी पेटवायला साफ नकार दिला. काल दोन्ही वेळा आम्ही गारढोण जेवलो. मी चिडलो तर म्हणाली, "तुम्हाला खरंच येत नाही?" हे तिने भांडल्यासारखं विचारलं असतं तर मला चाललं असतं. तिने ते हळू विचारलं, आजाऱ्याला विचारतात तसं.

आज संध्याकाळी मात्र शेगडी पेटली. मी म्हटलं, "काय, वासाचं?" म्हणाली, "आता नाही येत." बघ! म्हणजे नव्हताच. मी माफी वगैरे मागितली नाही, पण चहा मी केला आणि तिने तो घेतला. तिचं डोकं मात्र अजून दुखतंय. प्रवासाचा शीण असेल.

हे तुला का लिहितोय कोण जाणे. तू याचं भांडवल करशील हे माहीत असून लिहितोय.

दादा


९ सप्टेंबर

ठके,

तुझं पत्र आलं. या वेळी हाताने लिहिलेलं. तुझ्या ओळी अजून तशाच वर चढत जातात, बाबा म्हणायचे, हिला कागदावरसुद्धा डोंगर चढायचाय. पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तू म्हणतेस, रोजच्या वासाला नाक विसरतं. बोर्डिंगातून सुट्टीला आलीस की तुला फाटकातच पेट्रोल जाणवायचं आणि दुसऱ्या दिवशी जाणवेनासं व्हायचं. पण तो पंपाचा नेहमीचा वास होता, तो वहिनीलाही सवयीचा आहे. यावेळी ती थांबली, म्हणजे वास नेहमीचा नाही. 'दादा, तुझ्या नाकाचं सोड, तिच्या थांबण्याकडे बघ.' शिवाय पेट्रोलची वाफ हवेहून जड, ती पाण्यासारखी खालची जागा शोधत जाते, आणि आपल्या टाकीजवळची सगळ्यात खालची जागा म्हणजे मास्तरचं तळघर. तिथे एक ठिणगी पुरे. आणि शेवटी विनवणी: तळघर आजच बंद करायला लाव, पंप बंद ठेव, आठ दिवस कुठेतरी लांब जाऊन राहा आणि मग परत येऊन वास घे.

वाफ खाली उतरते हे तू मला शिकवतेस? मला ते बाबांनी शिकवलं तेव्हा तू बोबडं बोलत होतीस. आणि सुनावणी तोंडावर असताना अध्यक्षाने पंप बंद करून आठ दिवस बेपत्ता व्हायचं! नाक दाबलं की तोंड उघडतं, ते तुला बरोबर माहीत आहे.

तू नुसतं लिहून थांबली नाहीस, अग्निशमनवाल्यांनाही कळवलंस. त्यांचा साहेब परवा आला होता. वास मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय म्हणाला. मी बसवून घेतलं, चहा दिला, दुसरा दिला, त्याच्या मुलीच्या लग्नाच्या गप्पा झाल्या. तासाभराने उठला, अंगणात उभा राहून नाक फेंदारलं आणि म्हणाला, "आलो तेव्हा जरा वाटलं होतं खरं. आता तर काही नाही." कागदावर तसं लिहून सही करून गेला. ती सही मी वीस तारखेला दाखवणार आहे.

आणि तळघर बंद करायचं सोड, वीस तारखेच्या आमच्या मोर्चाचे सगळे कापडी फलक मी मास्तरलाच शिवायला दिलेत. एवढं मोठं काम बिचाऱ्याला किती दिवसांत मिळालं नव्हतं. काल विचारलं, "काय मास्तर, वास?" सुईत दोरा ओवत म्हणाला, "कमी झालाय, साहेब." मान वर केली नाही त्याने. मला बरं वाटायला हवं होतं.

दादा


१५ सप्टेंबर

ठके,

हे पत्र तुझ्याच शहरातून लिहितोय. सगळीकडच्या पंपवाल्यांचं शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटायला आलंय, त्यात मीही आहे. उतरलोय त्या लॉजच्या खोलीत खिडकीसमोर भिंत आहे आणि नळ रडतो. घरी पंपावर वहिनी बघतेय. मास्तरकडे हात कमी पडतात म्हणून दुपारी ती फलकांना इस्त्री करायलाही जाते.

मंत्री पाच मिनिटं भेटले. आमचं निवेदन त्यांनी दोन बोटांनी धरलं आणि मागे उभ्या माणसाकडे दिलं. "तुमच्या भावना पोचल्या," म्हणाले. बाहेर आल्यावर एक पिकल्या केसांचा पंपवाला मला म्हणाला, "आपण हरलोय, अध्यक्ष. प्रश्न एवढाच की तारीख कुठली." मी त्याला झापलं. मग खोलीवर येऊन पडलो तर त्याचंच वाक्य डोक्यात.

आता एक सांगतो ते वाचून हसू नकोस. काल संध्याकाळी तुझ्या ऑफिसच्या समोरच्या फुटपाथवर उभा होतो. सहाच्या सुमाराला तू बाहेर आलीस. चपलेचा अंगठा तुटला होता बहुतेक, एक पाय घासत चालत होतीस, आणि काखेत कागदांचा हा एवढा गठ्ठा. रस्ता ओलांडून यावं, गठ्ठा आपल्या हातात घ्यावा असं फार वाटलं. पाय उचललाही होता. मग वाटलं, इथे संघटनेचं कुणी बघितलं तर? आणि तेवढ्यात तू बसमध्ये चढलीस. वहिनी म्हणते ते खरं आहे, फार वाळलीस तू. मला तुझी आठवण येते, ठके. रोज येते. लिहून टाकलं, आता खोडत नाही.

तर, ते वाक्य मी मागे घेतो. वीस तारखेला सकाळी सुनावणीआधी घरी ये. पुढच्या फाटकाने ये, सगळ्यांना दिसू दे. सोबत चहा घेऊ आणि मग नगरभवनात जाऊन यथेच्छ भांडू.

दादा


१९ सप्टेंबर, दुपार

ठके,

तुझं कार्ड मिळालं, 'येते' एवढंच. वहिनीने ते आरशात खोचून ठेवलंय. पण हे पत्र त्यासाठी नाही. हे मी घाईने लिहितोय, कारण किती वेळ लिहिता येईल ठाऊक नाही.

वास येतोय.

आज सकाळी बसने उतरलो. पंपाजवळ नाही, अलीकडे, औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर. बस धूर सोडत निघून गेली, तो विरला, आणि त्यामागून तो आला. आधी वाटलं कुणाची गाडी गळतेय. पण रस्ता रिकामा होता. तिथून पंप दिसतसुद्धा नाही, ठके. गटाराच्या जाळीवर वाकलो तर डोळ्यांतून पाणी आलं. हा पंपाचा नेहमीचा वास नाही. नेहमीचा मी ओळखतो, तो येतो आणि उडून जातो. हा जमिनीतून वर येत होता. तू लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. मी बॅग तिथेच टाकून पळत सुटलो, या वयात.

पंपावर सगळं रोजच्यासारखं. पोरं गाड्यांत पेट्रोल भरतायत. विचारलं, "वास?" तर म्हणाली, "कसला?" मास्तरच्या दुकानात शिरलो. तळघराच्या जिन्यात तो इतका दाट होता की मी कठडा धरला. खाली यंत्रं चालू, दिवे चालू, दोन्ही बायका शिवतायत आणि तुझी वहिनी टेबलावर फलक पसरून इस्त्री फिरवतेय. 'आमचं पोट, आमचा प्रश्न' अशी अक्षरं होती त्यावर. मी वरूनच म्हणालो, "वर ये."

ती आली. कपाळावर घाम, तोंड उतरलेलं. "आलात? काय झालं? चेहरा असा काय?" माझ्या मागे मास्तर उभा होता आणि संघटनेचे दोघे, मी आलो कळल्यावर धावत आलेले. ठके, माझ्या तोंडात शब्द आले होते. सगळं बंद करा, बाहेर व्हा, असं म्हणायचं, एवढंच तर होतं. मी म्हणालो, "काही नाही. चहा हवा होता." ती म्हणाली, "घरी थर्मासमध्ये आहे बघा," आणि परत खाली गेली.

आता ऑफिसात बसलोय. फोन समोर आहे. काय करायचं ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. विजेचं मुख्य बटण लांबून बंद करायला लावायचं, तळघर रिकामं करायचं, पंपाभोवती दोर बांधून गाड्या अडवायच्या, अग्निशमनला फोन. कठीण काही नाही त्यात. पण मग उद्या काय? उद्या सकाळी वर्तमानपत्रात, अध्यक्षाचाच पंप गळतो. माझ्या शब्दावर ज्यांनी हात वर केले ते सगळे पंपवाले समोर बसलेले, शाळेच्या बाई पहिल्या रांगेत, आणि व्यासपीठावर तू. तू हसणार नाहीस, मला ठाऊक आहे. तू खाली बघशील. ते मला सहन व्हायचं नाही.

तरी करतोच. फोन करतो. थांब, कुणीतरी आलं.


त्याच दिवशी, चारनंतर

संघटनेचे लोक येऊन गेले. उद्या कोण कुणानंतर बोलणार ते ठरवायचं होतं. माझं भाषण सगळ्यांत शेवटी ठेवलंय. सगळे ऑफिसातच बसून होते, त्यांच्यासमोर फोन कसा करणार? मग चहा झाला, त्यांनी शिष्टमंडळाचं विचारलं, मी मंत्र्यांच्या दोन बोटांची नक्कल करून दाखवली आणि सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

ते गेल्यावर फोन उचलला आणि सहज श्वास घेतला. वास येत नाहीये.

दारात गेलो. अंगणात गेलो, टाकीच्या झाकणापाशी ओणवा झालो. नाही. मास्तरच्या जिन्यात जाऊन आलो, सकाळी कठडा धरला होता तिथे उभा राहिलो. कोरं कापड, यंत्राचं तेल. कोपऱ्यावर जाऊन बघावं असं मनात आलं, पण तिथवर पोचेपर्यंत दहा जण थांबवतील आणि उद्याचं विचारतील.

वर लिहिलेलं वाचून पाहिलं. अक्षर माझंच आहे. तू म्हणशील, नाक पुन्हा विसरलं, मी सांगितलंच होतं. असेलही तसं. नसेलही. रात्रभर बसचा प्रवास, पोटात अन्नाचा कण नाही, त्यात तुझ्या चार पानांनी डोकं पोखरलेलं, माणसाला वाटू शकतं. अग्निशमनच्या साहेबालाही आधी वाटलंच होतं की. आणि इतके दिवस खाली यंत्रं चालतायत, दिवे लागतायत, झालं का काही? मग एका दिवसाने काय होणार आहे?

तर मी ठरवलं आहे. तुझ्यापासून लपवत नाही. उद्याचा दिवस फक्त जाऊ दे. परवा सकाळी उठल्याबरोबर पंप बंद, तळघर रिकामं, खोदाईवाल्याला बोलावणं. तुझ्या सातव्या कलमात नावही नोंदवतो, हवं तर पहिलं माझंच लिही. शपथ मोडल्याबद्दल लोक काय बोलायचं ते बोलोत, परवा मला त्याचं काही वाटणार नाही. उद्या मात्र वाटेल. एवढी एक संध्याकाळ आणि एक दिवस मला दे.

उद्या तू आलीस की यातलं काही बोलणार नाही आणि तूही विचारू नकोस. फाटकात थांबू नकोस, ठके, सरळ आत ये. हे पत्र सुनावणी आटोपल्यावरच टपालात टाकेन.

वहिनी मास्तरच्या दारातून हाक मारतेय. मोठा फलक तेवढा राहिलाय, व्यासपीठासमोर लावायचा. इस्त्री गार झाली होती, ती पुन्हा तापत ठेवू का विचारतेय.

ठेव म्हटलं.